मेलेल्याचं मागणं

वर्ग हसला तेव्हा चारुशीलाही हसली होती, हे तिला नंतर फार लागलं. पण प्रश्नच तसा होता. अमेरिकेचा अध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात आजारी होऊन पडला, बायको उशाशी बसून त्याला मासिकातला लेख वाचून दाखवत होती आणि ऐकता ऐकताच तो गेला, त्याचा देह घेऊन निघालेल्या आगगाडीच्या दोन्ही अंगांना माणसं उभी राहून रडली, आणि मग ते रडं आटोपल्यावर त्याच्या मंत्र्यांच्या भानगडी एकेक करून बाहेर आल्या, इथवर ती रंगात येऊन सांगत आली होती. सरकारी मालकीच्या तेलाच्या जमिनी, लिलाव न करता, गुपचूप तेलवाल्यांच्या घशात घातलेल्या. मुली ऐकत होत्या. मॅट्रिकच्या मुली एरवी नागरिकशास्त्राच्या तासाला जांभया देतात, पण भानगड म्हटली की कुणाचेही कान टवकारतात. एवढ्यात शेवटच्या बाकावरची तानू उठून उभी राहिली. तानू म्हसवडच्याही पलीकडची, धनगराची मुलगी. घरी मेंढरं, एक चुलता पलटणीत, त्याच्या हट्टानं ती सातारच्या वसतिगृहात राहून शिकत होती. ती म्हणाली, "बाई, त्येच्या पिंडाला कावळा शिवला व्हता का?"

हसू ओसरायला वेळ लागला. एक मुलगी म्हणाली, तिकडं कावळे गोरे असतील. चारुशीलानं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि म्हणाली, "बस खाली. ख्रिस्ती लोकांत पिंड नसतो." तानू बसली नाही. तिला कुणी हसलं तर ती रागावत नसे, फक्त तेच पुन्हा सांगत असे. "तसं न्हवं बाई. येवढं राज्य हाताखाली, मैतरांनी खाल्लं, आन ह्यो मदीच मेला. जीव अडकनारच की. आमच्यात कावळा शिवंना झाला म्हंजी इच्यारत्यात, काय ऱ्हायलंय रं बाबा तुजं? मग कुनीतरी फुडं हून कबूल कराय लागतंय. तुमीच म्हनला न्हवं, त्यो मंत्री नंतर चौकशीत तोंडच उघडंना? म्हून इच्यारलं, त्येनं काय कबूल केलं आसंल." आणि चारुशीला, अजून ओठांवर हसू तसंच ठेवून, कुणी विचारलं नसताना म्हणाली, "असंही असेल की जाणाऱ्यानं त्या मित्राला क्षमा केली असेल." तानूनं मान हलवली. "न्हाई बाई. मेलेलं मानूस देत न्हाई. मागतंय."

त्याच वेळी शिपायानं तास दिला. शनिवारची सकाळची शाळा सुटली, मुली दप्तरं उचलून पांगल्या, तानूही गेली, आणि चारुशीला खडू हातात धरून फळ्यासमोर तशीच उभी राहिली. फळ्यावर तिनंच लिहिलं होतं: लाच घेणारा तुरुंगात, देणारा निर्दोष. त्याखाली: पुढच्या निवडणुकीत पुन्हा तोच पक्ष. हे दोन मुद्दे लिहिताना तिला मजा वाटली होती. जगात असलं काही घडतं, ते फार लांब घडतं, आणि आपण साताऱ्यात बसून ते मुलींना समजावून सांगतो, यात एक ऊब होती. आता ती ऊब गेली. फळा पुसायचं काम तिचं नव्हतं, तरी तिनं तो पुसला, आणि पुसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला कुणीतरी येऊन ते वाचील अशी भीती वाटत होती.

दिल्लीत घटना समिती बसली होती. स्वराज्य आता दाराशी आलं, आपल्याला राजा नको, अध्यक्ष हवा, तेव्हा अध्यक्ष म्हणजे काय चीज आहे हे मुलींना कळलं पाहिजे, असं मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. चारुशीलाला सांगण्यासारखे अध्यक्ष काय थोडे होते? गुलामांना सोडवणारा होता, देश उभारणारा होता. ते सगळे सोडून हिनं हा एक शोधून काढला. वाचनालयातल्या धूळ बसलेल्या इंग्रजी पुस्तकात तो सापडला, देखणा, दिलदार, पत्ते खेळणारा, मित्रांना नाही म्हणता न येणारा, आणि तिला तो आवडला. खरं सांगायचं तर तिला त्याची कणव आली. बिचारा स्वतः चांगला होता, मित्रांनी घात केला, असंच ती मुलींना चार वेळा म्हणाली होती. पुस्तकात तसं कुठंच नव्हतं. पुस्तकात एवढंच होतं की त्याला किती ठाऊक होतं हे आजवर नक्की कळलेलं नाही. 'बिचारा' तिनं पदरचा घातला होता. आणि पोवई नाक्याकडं चालता चालता, हातात कपड्यांची पिशवी, पिशवीत उद्याच्या समारंभाची छापील पत्रिका, तिला कळून चुकलं की तो पदरचा शब्द कुणासाठी साठवलेला होता.

उद्या तिच्या वडिलांच्या तसबिरीचं अनावरण होतं. विष्णुपंत सदतीस साली गेले तेव्हा ते त्यांच्या गावच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गाव लहान, कृष्णाकाठचं, पण अध्यक्षाचा रुबाब लहान नव्हता. पंत वकील होते, देखणे होते, दिलदार होते, आणि त्यांनाही कुणाला नाही म्हणता येत नसे. त्यांच्या कारकिर्दीत नदीकाठचं गायरान भुईमुगाच्या तेलाच्या गिरणीला गेलं. लिलाव नाही, दवंडी नाही, गुरं एके दिवशी चरायला गेली तर पुढं तारेचं कुंपण. बोंबाबोंब झाली, कलेक्टरनं चौकशी लावली, आणि चौकशीचा हुकूम आला त्याच आठवड्यात पंत ओसरीवर पान लावता लावता कोसळले. इथंही तेल आणि तिथंही तेल. धडा तयार करताना हे तिच्या लक्षात कसं आलं नाही याचं कुणालाही नवल वाटेल. पण माणसाला जे बघायचं नसतं ते नाकासमोर टांगलं तरी दिसत नाही, आणि शिकलेल्या माणसाला तर मुळीच नाही, कारण त्याला दुसरीकडं बघण्यासारखं पुष्कळ असतं.

पंत गेल्यावर महिन्याभरात नगरपालिकेच्या चिटणीसानं, हरिभाऊंनी, कबुलीजबाब दिला. गायरानाचा व्यवहार मी परस्पर केला, अध्यक्षांना अंधारात ठेवलं. हरिभाऊंना शिक्षा झाली. गिरणीवाला सुटला, त्यानं कुणाला काही दिलं हे शाबीत झालं नाही. पुढच्या निवडणुकीत पंतांच्याच माणसांनी सगळ्या जागा जिंकल्या, मिरवणुकीत पुढं पंतांचा फोटो होता, आणि माणसं रडत होती. आता तिचा धाकटा भाऊ अनंत त्याच खुर्चीवर बसतो. तसबीर गिरणीवाल्यानं करवून घेतलीय, पडदाही तोच सारणार. चारुशीला दोन शब्द बोलणार, आई व्यासपीठावर बसणार. आणि घरात एवढी वर्षं एकच गोष्ट सांगितली जाते: हरिभाऊनं घात केला, त्या धक्क्यानं पंत गेले, पण मन केवढं मोठं, मेल्यावरसुद्धा त्याला क्षमा करून गेले.

सांगलीची मोटर भरल्याशिवाय सुटणार नव्हती. ती खिडकीशी बसली. शेजारी एक म्हातारी तिळाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, संक्रांत जवळ आली होती. अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं. मोटर हलली, आणि गेली कित्येक वर्षं सवयीनं आठवायचा तो घाट तिला पहिल्यांदा नीट आठवू लागला. बायका दहाव्याला घाटावर जात नाहीत. ती गेली होती, कारण ती पंतांची लाडकी होती आणि तिला अडवायचं भान कुणाला नव्हतं. ती वरच्या पायरीवर उभी होती. खाली पिंड मांडलेले. पिंपळावर कावळे होते, चांगले दहा-पंधरा, पण एक खाली उतरेना. मामा पुढं झाले, हात जोडून म्हणाले, चारूचं लग्न थाटात करून देऊ. (ते अजून व्हायचंय.) कावळे ढिम्म. अनंताला वकील करू. नाही. ताईला अंतर देणार नाही. एक कावळा अर्ध्यापर्यंत आला आणि परत फिरला, तेव्हा लोकांत चुळबूळ सुरू झाली. उन्हं चढली होती, पुरुषमंडळी उपाशी होती, भटजींनी कंटाळून दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात घाटाच्या बाजूनं हरिभाऊ आले. कोट, टोपी, बगलेत छत्री, जणू कुठं कामाला निघालेले. ते कुणाशी बोलले नाहीत. पिंडांसमोर वाकले, ओठ हलले, एखादं वाक्य, फार तर दोन. ते सरळ होताहेत तोवर कावळा आला. एक नाही, तीन आले. मामा म्हणाले, सुटला एकदाचा. आणि हरिभाऊ मटकन पायरीवर बसले आणि रडू लागले, त्यांची टोपी पाण्यात पडली, ती काढायलाही ते उठले नाहीत.

पुढं कबुलीजबाब झाला तेव्हा घराला या रडण्याचा अर्थ लागला. पश्चात्ताप झाला असणार. माफी मागितली, पंतांनी दिली, कावळा शिवला. हिशेब इतका सरळ बसला की त्यात कुणाला खोट दिसली नाही. खुद्द चारुशीलानं ही गोष्ट कितीजणांना सांगितली होती. ट्रेनिंग कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितली, सांगताना दर वेळी डोळे पुसले. आणि हे सगळं मेंढरांमागून आलेल्या मुलीच्या एका वाक्यानं उलटंपालटं झालं. कावळ्याचा धर्म तो धर्म, त्याला माफीशी काय करायचंय? दहाव्याला कावळा थांबतो तो गेलेल्याचं काही राहिलं म्हणून, राहणाऱ्याचं काही राहिलं म्हणून नाही. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. मामांनी काय माफी मागितली होती? एकामागून एक वचनंच देत होते की. त्या घाटावर प्रत्येक माणूस देत होता, पंत मागत होते, आणि जे मागत होते ते फक्त हरिभाऊंजवळ होतं. मोटर कऱ्हाडला थांबली, माणसं चहाला उतरली, म्हातारीनं तिच्या हातावर चिमूटभर तीळ ठेवले. तिनं ते तोंडात टाकले आणि चावायचं विसरली. माझा कावळ्यावर विश्वास नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. नसेना का. हरिभाऊंचा होता.

सांगलीच्या विश्रामबागेतलं घर अनंतानं बांधलेलं, गावापासून मोटरीनं तासाभरावर, जागा पंतांनी घेऊन ठेवलेली. कधी घेतली, कशातून घेतली, हे तिनं पूर्वी कधी विचारलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी फाटक उघडताना विचारावंसं वाटलं याचीच तिला शरम वाटली. अनंत उद्याच्या खुर्च्यांच्या गडबडीत होता. आई देवापुढं बसून वाती वळत होती. आईचे हात सुरेख होते, अजूनही. चारुशीला तिच्याजवळ बसली, थोडा कापूस आपणही घेतला, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, "आई, दहाव्याला हरिभाऊंना घाटावर कुणी बोलावलं होतं गं?" आईची वात मधेच तुटली. तिनं ती बाजूला ठेवली, दुसरा कापूस घेतला आणि म्हणाली, "तुझ्या मामानं बोलावलं असेल. उद्या बोलताना फार लांबण लावू नकोस, लोकांना पाच वाजता सोडायचंय." एवढंच. पण आईची वात कधी तुटत नाही. चारुशीलानं आईकडं पाहिलं, आणि ज्या चेहऱ्याकडं बघून ती लहानाची मोठी झाली त्यावर तिला काही वाचता येईना. तिला भीती वाटली, ती आईची नव्हे. इतके दिवस आपण सगळे किती छान जेवत होतो, याची भीती वाटली.

सकाळी मैत्रिणीकडं जाऊन येते म्हणून ती बाहेर पडली. हरिभाऊ सुटून आल्यावर सांगलीतच राहतात, हळदीच्या पेठेत एका आडत्याकडं लिहायला असतात, एवढं तिला ऐकून ठाऊक होतं. पेठेच्या मागं चौकशी करत ती एका बोळात शिरली. हवेत हळदीचा वास होता, थंडी होती. दार उघडंच. पुढच्या खोलीत हरिभाऊ वर्तमानपत्र वाचत बसले होते, केस पांढरे झालेले, बोटं पिवळी. आत, देवांसमोर पाटावर, शकुंतलाकाकू, त्यांची बायको, पूजा करत होत्या. घरात धडधाकट पुरुष बसलेला आणि बाई देवांना आंघोळ घालतेय, हे चारुशीलाच्या डोळ्यांना खटकलं, आणि ते खटकलेलं काकूंना दिसलं.

"कोण? पंतांची चारू ना गं तू?" हरिभाऊ उठले, गडबडले, पेपर खाली पडला.

"पंतांची?" काकू आतूनच म्हणाल्या. "तिला बसायला द्या आधी. त्यांचं मीठ खाल्लंय तुम्ही." मग हात न थांबवता चारुशीलाला म्हणाल्या, "बघतेस काय अशी? तुरुंगातून आल्यापासून देवांना यांचा हात लागू देत नाही मी. परक्याच्या गायरानाला लागलेला हात तो. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. तुझ्या वडिलांसारखा देवमाणूस यांच्यापायी गेला, ते मी विसरले नाही हो."

हरिभाऊ पेपराच्या घड्या घालत राहिले, जणू हे शेजारच्या घरातलं बोलणं. चारुशीलानं ठरवून आणलेली प्रस्तावना कुठल्या कुठं गेली. ती आत दिसणाऱ्या पाठीकडं बघत राहिली. ही बाई रोज पंतांची बाजू घेऊन नवऱ्याला शिक्षा करत होती, आणि नवरा रोज ती भोगत होता, सकाळी आंघोळ करून, पेपर वाचत. ती हलक्या आवाजात म्हणाली, "हरिभाऊ, घाटावर तुम्ही काय कबूल केलंत?"

"कसला घाट?"

"दहाव्याचा."

"बरीच वर्षं झाली त्याला."

"बाबांनी तुम्हांला क्षमा केली असं आम्ही सगळ्यांना सांगतो."

"सांगा की. चांगलंच आहे ते." त्यांनी पेपर पुन्हा उलगडला.

"माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, मेलेलं माणूस देत नाही, मागतं."

हरिभाऊंनी तिच्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं. डोळे भरले नाहीत, काही नाही, फक्त फार थकलेले होते. त्यांनी आतल्या दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला. "चारू, कावळा शिवलाय. आता ते उकरू नको. उकरलंस तर पंत पुन्हा अडकतील. तू शिकलेली आहेस, तुला हे खोटं वाटेल. मला नाही वाटत."

"म्हणजे गायरान तुम्ही नव्हतं दिलं."

"सही माझी होती."

"आणि सांगणं?"

हरिभाऊ पेपराची कड दुमडू लागले. चारुशीला थांबू शकली नाही. तिला नंतर वाटलं, इथं थांबायला हवं होतं, एवढं कळलं ते पुरे होतं. पण वर्गात तिला कुणी अर्धं उत्तर दिलेलं खपत नसे. तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं, "सांगणं बाबांचं होतं ना?"

"होतं," हरिभाऊ म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निसटला, आणि मग बाकीचे अडवायला त्यांच्यात जोर उरला नाही. "त्या दिवशी मी कलेक्टरकडंच निघालो होतो. छत्री घेऊन निघालो होतो, सगळं सांगणार होतो. वाटेत तुझ्या आईचा निरोप आला. आधी घाटावर या, त्यांचा जीव तुमच्यापाशी अडकलाय. मी म्हटलं, जाऊ, नमस्कार करू आणि पुढं जाऊ. तिथं ते कावळे बघितले. पंतांनी मला मॅट्रिक नसताना चिटणीस केलं होतं, चारू. मला ते तसं उन्हात ताटकळलेले बघवेनात. मी म्हणालो, तुमचं नाव येऊ देणार नाही, माझ्यावर घेतो. आणि कावळा शिवला. शिवला नसता तर मी सुटलो असतो. वाकल्या वाकल्या मनात एकच होतं, हा न शिवो. शिवला."

आत पाण्याची धार थांबली होती. कधी थांबली ते दोघांनाही कळलं नाही. काकू ताम्हन हातात घेऊन दारात उभ्या होत्या, ताम्हनात देव ओले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागासाठी आधी गोष्ट समजावी लागते, आणि ती अजून त्यांच्या आत उतरत होती. चारुशीलाला त्या चेहऱ्याकडं बघवेना, पण मान वळेना. ती स्वतःच्या बापाविषयी विचारायला आली होती. या घरात आणखी कुणी ऐकणारं आहे, आणि त्या माणसाला हे ठाऊकच नाही, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मला नाही बोललात," काकू म्हणाल्या.

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली नसतीस."

"नसतेच बसले."

"म्हणून नाही सांगितलं. शब्द दिला होता."

"मी तुमच्या हातचं तीर्थ घेतलं नाही," काकू सावकाश म्हणाल्या, एकेक आठवून. "पोराच्या मुंजीत तुम्हांला बाजूला बसवलं, माझ्या भावाला पुढं केलं. देवाला रोज सांगत आले, यांना सद्बुद्धी दे. आणि तुम्ही इथं बसून ऐकत होतात." हरिभाऊ खाली बघत होते. त्या पुढं आल्या, ताम्हन त्यांच्या समोर ठेवलं. "पुसा यांना. गंध उगाळलेलं आहे. उरलेली पूजा तुम्ही करा." हरिभाऊंचे हात पुढं आले आणि ताम्हनाच्या कडेशी थांबले. मग त्यांनी कोरडं वस्त्र उचललं.

काकू चारुशीलाकडं वळल्या. "आज चारला ना तो तुमचा समारंभ? आम्हांलाही पत्रिका आलीय. अनंतानं धाडलीय, मोठ्या मनानं. मोटर कितीला असते तिकडची?"

"अगं," हरिभाऊ म्हणाले, "मी शब्द दिलाय. मोडता येणार नाही तो."

"तुम्ही मोडू नका. मी कुठं होते त्या घाटावर?"

चारुशीलाला समोर दिसलं, तंबू, सतरंज्या, गिरणीवाल्याचा फेटा, पडदा, आणि त्या सगळ्यांत पुढं आई, वाती वळणारे हात मांडीवर ठेवून बसलेली. 'नका येऊ' हे शब्द तिच्या घशाशी आले. अगदी सहज आले, तिला शोधावे लागले नाहीत. काकूंना काय सांगायचं तेही तयार होतं: आईचं वय झालंय, गावात अनंताची अब्रू आहे, आणि गेलेला माणूस काही उठून येत नाही. तिला स्वतःचाच धक्का बसला. एक निरोप धाडायला आईला किती थोडा वेळ लागला असेल, हे तिला तेव्हा कळलं. पंतांवरचा तिचा राग अजून यायचा होता, तो पुढं कधीतरी सावकाशीनं येईल, पण आईला तिनं तिथंच, त्या हळदीच्या वासात, आतून ओळखलं, कारण आई तिच्या घशात येऊन बसली होती.

तिनं आवंढा गिळला. "मोटर बाराला आहे," ती म्हणाली. "मी तुम्हांला घ्यायला येते. व्यासपीठावर आईच्या शेजारी माझी खुर्ची आहे. तिथं तुम्ही बसा."

काकू लुगडं बदलायला आत गेल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "बसायला नाही येत मी."